एक नंबरचं कोर्ट

आमच्या गावात हॉलिस प्रुइटबद्दल वाकडं बोलणारं माणूस शोधायला निघालात तर पाय दुखतील, माणूस काही मिळणार नाही. न्हाव्याच्या दुकानात त्याचा फोटो, बँकेत फोटो, चर्चच्या जेवणघरातही फोटो. कोल्टर कॉलेजच्या मुलींना टेनिस शिकवायला तो आला तेव्हा कोर्टाच्या भेगांतून गवत उगवलं होतं आणि नेटच्या जागी खुराड्याची तार ताणून बांधलेली होती. आज तिथे बारा निळी कोर्टं आहेत आणि फाटकावर त्याचं नाव आहे. मी त्याची बायको. फाटकावर माझं नाव नाही, पण त्या कोर्टांवर खेळलेल्या प्रत्येक पोरीने माझ्या हातची तळलेली कोंबडी खाल्ली आहे, हे मी छातीठोकपणे सांगते.

रविवारी चर्च सुटलं की अख्खी टीम आमच्याकडे जेवायला यायची. अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जियात जन्मलेली बाई पोरींना वसतिगृहाच्या जेवणावर सोडून देत नाही. कोंबडी, लोण्यातल्या वालपापड्यांसारख्या शेंगा, मक्याचा पाव, वर पीच फळांवर कणीक थापून भाजलेला गोड कॉबलर. पोरी ब्राझीलच्या असोत नाहीतर चेक देशाच्या, पहिल्या रविवारी लाजत खायच्या आणि तिसऱ्या रविवारी स्वतःच कपाट उघडून ताटल्या काढायच्या. मला त्या 'मिस ग्लेंडा' म्हणायच्या. हॉलिसला 'कोच'. आमची धाकटी लेनी याच टीममध्ये खेळायला लागली तेव्हा तीही कोर्टावर त्याला 'कोच' म्हणायची आणि घराचा उंबरा ओलांडला की 'डॅडी'. हे तिचं तिनेच ठरवलेलं होतं.

कॉलेजच्या टेनिसमध्ये एकटी पोरगी जिंकत नाही, टीम जिंकते. सहा कोर्टांवर सहा पोरी, शिवाय दुहेरीचा एक गुण. सातांतले चार ज्याने घेतले तो जिंकला. पोरी उभ्या करायच्या त्या ताकदीच्या क्रमाने. सगळ्यात तगडी एक नंबरच्या कोर्टावर, तिच्या खालची दोनवर, असं सहापर्यंत. हा क्रम कोचने मनाला येईल तसा लावायचा नसतो. पोरी सरावात एकमेकींशी खेळतात आणि त्यातून तो ठरतो. नियम तरी असा आहे.

हॉलिसने अठरा वेळा विभागाचं विजेतेपद आणलं. सगळ्या देशाचं मात्र एकदाही नाही. तीनदा अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तीनदा रिकाम्या हाताने आला. तेवढं एक त्याच्या मनाला कुरतडत होतं. लेनीचं शेवटचं वर्ष सुरू झालं तेव्हा तो मला म्हणाला, "ग्लेंडा, यंदा नाही तर कधीच नाही. अशी टीम मला पुन्हा मिळायची नाही."

आणि त्या सप्टेंबरात लेनी एक नंबरवर गेली.

तीन वर्षं ती चौथ्या-पाचव्या कोर्टावर खेळायची आणि बहुतेक जिंकायची. सरावाच्या मॅचेसमध्ये तिने आधी ब्राझीलच्या राफाएलाला हरवलं, मग यित्कालाही. यित्का म्हणजे चेक देशाची उंच, हाडापेराने भक्कम पोरगी, खेचर लाथ मारतं तसा बॉल मारायची. तिला आमच्या लेनीने हरवलं! त्या संध्याकाळी लेनी स्वयंपाकघरात येऊन माझ्या गळ्यात पडली आणि मी पिठाच्या हातांनी तिची पाठ पांढरी करून टाकली. मला आनंद झाला, का नाही होणार? गावात मात्र लगेच कुजबुज सुरू झाली. बापाने लेकीला डोक्यावर बसवलं म्हणे. किराणा दुकानात एक बाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "घरचीच मुलगी, मग काय!" मी तिला म्हटलं, "अगं, तुझ्या घरची असती तर तिला रॅकेट कुठून धरायची हेही कळलं नसतं." त्या बाईशी मी अजून बोलत नाही.

मग हंगाम सुरू झाला आणि लेनी हरायला लागली. एक नंबरच्या कोर्टावर समोर येणार ती त्या त्या कॉलेजची सगळ्यात जबरदस्त पोरगी. लेनी जीव तोडून धावायची आणि तासाभरात हरायची. बाकी पाच कोर्टांवर आपल्या पोरी जिंकायच्या. टीम जिंकायची, पेपरात हॉलिसचा फोटो यायचा, आणि लेनी घरी येऊन खांद्याला बर्फ लावून बसायची. मी घडीची खुर्ची घेऊन दर मॅचला तिच्या कोर्टामागे, जाळीला लागून बसायचे. तिथे मी एकटीच असायचे. कोचला मॅच चालू असताना कोर्टावर जाता येतं, बाकावर बसून पोरीला दोन गोष्टी सांगता येतात. हॉलिस तीनवर दिसायचा, चारवर दिसायचा, पाचवर गुडघ्यावर हात टेकून ओरडताना दिसायचा. एक नंबरवर तो कधी फिरकला नाही. मी विचारलं तर म्हणायचा, "तिचं तिला कळतं. लहान पोरींना माझी जास्त गरज आहे." मला ते पटलं होतं. दिव्याखाली अंधार असतो तो असा.

एप्रिलमध्ये एका रविवारी यित्का माझ्याबरोबर भांडी विसळत होती. बाकीच्या अंगणात लोळत होत्या. मी गमतीने म्हटलं, "काय गं यित्का, एवढी तू ताडमाड, आणि आमच्या लेनीपुढे कशी गं गळाठलीस?"

तिने ताटली पुसता पुसता माझ्याकडे पाहिलं. "कोचनी सांगितलं होतं ना, मिस ग्लेंडा."

"काय सांगितलं होतं?"

"की तिच्याशी हर म्हणून. राफाएलालाही." मग माझा चेहरा बघून तिच्या हातातली ताटली थांबली. "तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटलं, तुम्ही तर घरातल्याच."

मी म्हटलं, "माहीत होतं गं, चेष्टा करत होते." आणि नळ मोठा सोडला. त्या पोरीला काय दोष द्यायचा? ती परक्या देशातून शिष्यवृत्तीवर आलेली, कोचने सांगितलं ते केलं.

हॉलिस कोर्टावर होता. सकाळी पाऊस पडून गेला होता आणि तो एकटाच लांब दांड्याच्या रबरी फळीने पाणी ओढत होता. इतकी वर्षं झाली तरी हे काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नाही. मी फाटकातूनच ओरडले, "तू पोरींना लेनीशी हरायला लावलंस?"

तो थांबला नाही. फळी ओढत ओढत म्हणाला, "कुणी सांगितलं?"

"ते सोड. लावलंस की नाही?"

"ग्लेंडा, सहा कोर्टं असतात. एक द्यायचं आणि पाच घ्यायची. त्यांची सगळ्यात भारी पोरगी एकवर येणार. तिच्यासमोर यित्काला उभी केली तर यित्का हरेल नाहीतर जिंकेल, पन्नास टक्के. तीच यित्का दोनवर ठेवली तर शंभर टक्के जिंकते. मग राफाएला तीनवर, शंभर टक्के. हिशोब साधा आहे."

"आणि एकवर बळीचा बकरा."

"कुणीतरी तिथे उभं राहावंच लागतं."

"तुझी पोरगी आहे ती!"

आता तो थांबला. "म्हणून तर," तो म्हणाला. "यंदा पुन्हा दुसरीच कुणी ठेवली असती तर बाकीच्या कोचनी तक्रार केली असती, की क्रम खोटा लावलाय. लेनीबद्दल सगळे काय म्हणतात? बापाने लाड केले. हसतात आणि सोडून देतात." आणि मग, माझी समजूत काढायची म्हणून, "ती खूश आहे ना? एक नंबरवर खेळतेय. कुणाला मिळतं ते? हंगाम संपला की मी स्वतः तिला सांगेन."

कुंपणच शेत खातं असं म्हणतात. मी ते कुंपण डोळ्यांनी पाहिलं, हातात रबरी फळी घेऊन उभं होतं.

घरी चालत येताना मला एकेक पोरगी आठवायला लागली. कार्ला, जिने हरून हरून सगळ्या रॅकेटी गोल्फच्या मैदानातल्या तळ्यात फेकल्या आणि ख्रिसमसला घरी गेली ती परत आलीच नाही. बेथ-अ‍ॅन, जी माझ्या टेबलावर बसून शेंगा इकडच्या तिकडे करायची आणि खायची नाही, शेवटी तिची आई येऊन तिला घेऊन गेली. तेव्हा हॉलिस म्हणाला होता, नाजूक आहे, दडपण सोसत नाही तिला. मी त्याच्यावर विश्वास ठेवून त्या आईला डब्यात कॉबलर बांधून दिला होता. त्या दोघीही एक नंबरच्या कोर्टावर असायच्या. त्या सगळ्याच एक नंबर होत्या. अठरा कपांखाली कोण कोण गाडलं गेलं, ते कपाटाच्या काचेतून दिसत नाही.

मी हॉलिसशी भांडले, दोन आठवडे त्याचं ताट टेबलावर आपटून ठेवलं. त्याचं एकच: मे महिन्यानंतर. आणि टीम जिंकत जिंकत अंतिम सामन्याला पोचली.

सामना अलाबामात होता. त्या सकाळी हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीत मी आणि लेनी दोघीच लवकर उठून आलो होतो. ती वॉफलच्या यंत्रात पीठ ओतत होती. मी ठरवूनच आले होते. मी म्हटलं, "लेनी, तुला काहीतरी सांगायचंय. सप्टेंबरातल्या त्या मॅचेस..."

"खोट्या होत्या," ती म्हणाली. यंत्र उलटं फिरवलं. "माहीत आहे मला, ममा. ऑक्टोबरपासून माहीत आहे."

मी खुर्ची ओढून बसले.

"यित्काला हरता येत नाही गं. शेवटच्या पॉइंटला दोन्ही सर्व्हिस तिने नेटमध्ये घातल्या आणि हसली. मी घरी येऊन तुझ्या गळ्यात पडले तेव्हा मला खरंच वाटत होतं. मग थोडे दिवस विचार केला."

"आणि तू तशीच खेळत राहिलीस? एवढा मार खाल्लास?"

"कुणीतरी खायचाच असतो. मी यित्का नाही, मला कळतं तेवढं. डॅडीने मला बसवून सांगितलं असतं ना, की लेनी, मला एक कोर्ट सोडायचंय, तू उभी राहशील का, तर मी हो म्हटलं असतं. हसत हो म्हटलं असतं." वॉफल जळायला लागलं होतं, तिचं लक्ष नव्हतं. "मी वाट बघतेय, तो मला सांगेल म्हणून. दर मॅचनंतर वाटतं, आज सांगेल. एकदाच सांगितलं तरी चालेल मला. मग मी त्याच्यासाठी मरेपर्यंत धावेन."

"मी त्याला सांगते."

"नाही." तिने माझा हात धरला. "तू सांगून तो बोलला तर ते काय बोलणं झालं? त्याचं त्याला सुचू दे. शपथ घे, ममा."

मी शपथ घेतली. तरी बाहेर जाऊन व्हॅनमध्ये बॉलच्या टोपल्या चढवणाऱ्या हॉलिसला म्हटलंच, "आज सांग तिला. खेळायच्या आधी सांग."

"मॅचच्या दिवशी पोरीच्या डोक्यात काही भरवत नाहीत," तो म्हणाला. "आज तरी तोंड बंद ठेव, ग्लेंडा. माझ्यासाठी."

त्याच्यासाठी. मी आयुष्यभर काय दुसऱ्या कुणासाठी केलं होतं?

समोर टेक्सासची टीम होती. त्यांची एक नंबर दुन्या नावाची सर्बियाची पोरगी, वर्षभरात एकही मॅच न हरलेली. दुहेरीचा गुण आपण घेतला. मग सहाही कोर्टं एकदम सुरू झाली आणि मी माझी खुर्ची लेनीच्या मागे मांडली. पहिला सेट लेनी हरली, नेहमीसारखा. दुसरा जिंकली. हे नेहमीसारखं नव्हतं. ती काही फार भारी मारत नव्हती, फक्त सोडत नव्हती. दुन्याने मारलेला प्रत्येक बॉल परत यायचा, उंच, संथ, कंटाळवाणा. दुन्या चिडून रॅकेट मांडीवर आपटायला लागली.

तिकडे यित्का जिंकली, राफाएला जिंकली. पण खालची तीन कोर्टं, जिथे आपण शंभर टक्के होतो, ती एकामागून एक पडली. हॉलिसचा हिशोब! चारवर आघाडी हातातून गेली, पाचवर आमच्या ब्रूकच्या पायात गोळे आले, सहावर पोरगी नुसती घाबरली. तीन-तीन. उरलं फक्त एक नंबरचं कोर्ट.

कॉलेजच्या मैदानावर असं झालं की सगळे उठून त्या कोर्टाकडे चालत येतात. दोन्ही टीमा, आईबाप, कॅमेरेवाले, आईस्क्रीमवालासुद्धा. वर्षभर जिथे मी एकटी बसले तिथे माझ्या खांद्यावरून लोक डोकावायला लागले. आणि मग जाळीचं दार उघडून हॉलिस आत आला, गळ्यात टॉवेल, आणि बाकापाशी उभा राहिला. लेनीने त्याला पाहिलं. तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, देवा, आता तरी.

तिसऱ्या सेटमध्ये दुन्या सहा-पाच पुढे गेली आणि बाजू बदलायला दोघी बसल्या. मी उठले, लोकांना कोपरांनी बाजूला सारत जाळीच्या कडेने बाकाच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यांच्यात आणि माझ्यात फक्त जाळी.

"पाणी पी, घोट घोट," हॉलिस म्हणत होता. "आता तिला तुझी ती उसळती सर्व्हिस टाक. उंच बॉल तिला झेपत नाही."

"ती मी फेब्रुवारीपासून मारत नाही," लेनी म्हणाली. "खांद्यामुळे."

"कुठला खांदा?"

रोज संध्याकाळी मी मलम चोळत होते तो खांदा. त्याच खोलीत तो टीव्हीवर दुसऱ्या टीमांच्या मॅचेस बघत बसायचा.

लेनीने टॉवेलने तोंड पुसलं. मग कोर्टावर असूनही ती म्हणाली, "डॅडी, तू यंदा पहिल्यांदा माझ्या कोर्टावर आलास."

"तुला गरज नव्हती, बाळा."

"मला एक नंबरवर का ठेवलंस?"

सकाळी ती म्हणाली होती, त्याचं त्याला सुचू दे. तरी तिनेच विचारलं. याहून दार सताड कसं उघडायचं असतं? हॉलिसने मान वर केली आणि जाळीतून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. सांग. अरे, सांग आता. मी जन्मात त्याच्याकडे इतकं काही मागितलं नव्हतं.

त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, त्याच दुखऱ्या खांद्यावर. आणि त्याला तो आवाज लागला, मऊ, खर्जातला. आमच्या सोफ्यावर बसून पोरींच्या आईबापांना तो त्याच आवाजात सांगायचा की तुमची मुलगी माझ्याकडे सुखरूप राहील.

"कारण तू माझी एक नंबर आहेस," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. सगळ्यांत चांगली तू, म्हणून ठेवलं. दुसरं काय कारण असणार?"

पंचाने वेळ झाल्याचं सांगितलं.

"बरं, कोच," ती म्हणाली आणि उठली.

बाजू बदलून ती माझ्या खुर्चीच्या टोकाला आली. मी धावतपळत जाऊन बसले. शेजारचा कुणी बाप मला म्हणाला, "धीर धरा बाई, पोरगी वाघीण आहे." लेनीने सर्व्हिस केली. साधी, सपाट. ती वाईट खेळली असं कुणी म्हणू नये. ती गेम ती धावून खेळली, एकदा तर नेटपर्यंत झेपावून बॉल उचलला आणि लोक उभे राहिले. चाळीस-चाळीस झाले. कॉलेजच्या खेळात तिथे दोन गुणांची आघाडी लागत नाही, एकच बॉल, जो घेईल त्याची गेम. लेनीने घेतला तर सहा-सहा आणि पुढे टायब्रेक. दुन्याने घेतला तर सगळं संपलं.

तो बॉल फार वेळ चालला. शेवटी दुन्याने थकून जोरात मारला आणि तो लेनीच्या मागच्या रेषेपलीकडे पडला. माझ्या पायांपासून दोन हातांवर. रेषा आणि बॉल यांच्यामध्ये माझा अख्खा तळहात मावला असता. आपल्या पोरी जाळीला लटकून ओरडल्या, "बाहेर! बाहेर!" दुन्याने तर हात डोक्याला लावला.

पण कॉलेजच्या टेनिसमध्ये आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, हे ज्याचं त्याने सांगायचं असतं. आतला बॉल कुणी लबाडीने बाहेर म्हटला तर पंच त्याला पकडतो. बाहेरचा कुणी आत धरला तर पंच तोंड उघडत नाही; तसं कुणी कशाला करेल? लेनीने नुसतं बोट वर करायचं होतं.

तिने बॉल पडला तिथे पाहिलं. मग वळून बाकावरच्या बापाकडे पाहिलं. तो उभा राहिला होता, त्याचं बोट वर होतं, तिच्या वतीने. तिने रॅकेट काखेत घेतली आणि हात पुढे करून नेटकडे चालत गेली.

टेक्सासच्या पोरींना क्षणभर कळलंच नाही. मग त्या दुन्याच्या अंगावर जाऊन पडल्या. आपल्या पोरी तशाच उभ्या. ब्रूक लंगडत आत आली आणि किंचाळली, "तो बाहेर होता! आंधळी झालीस का?"

"मला आत दिसला," लेनी म्हणाली.

राफाएला तिथेच खाली बसून हुंदके द्यायला लागली. मला त्या पोरींची दया आली, खोटं कशाला बोलू. वर्षभर राबल्या होत्या बिचाऱ्या. आणि लेनीचा रागही आला, त्यांच्या हातचं तिने असं टाकून दिलं म्हणून. यित्का चालत रेषेपाशी आली, बॉल पडला त्या जागी उभी राहून खाली बघत राहिली. मग तिने लेनीची बॅग खांद्यावर घेतली आणि दोघी व्हॅनकडे गेल्या.

बक्षिसं वाटून झाली. हॉलिसने समोरच्या कोचचा हात हातात घेतला, वार्ताहरांशी बोलला, मुलगी प्रामाणिक आहे, तिला आत दिसला तर आत, असं म्हणाला. ते उद्या पेपरात छान दिसणार होतं. मग तो माझ्याकडे आला. मी खुर्ची मिटत होते. कोर्टावर आता कुणी नव्हतं. जवळून तो एकदम म्हातारा दिसला.

"तू रेषेच्या मागेच होतीस," तो म्हणाला. "तिला दिसला नसेल ना, ग्लेंडा? ऊन होतं. दमली होती."

हो म्हटलं असतं तर तो शांत झोपला असता. इतकी वर्षं मी त्याला शांत झोपूच दिलं होतं.

"दिसला," मी म्हटलं. "चांगला दिसला. बघितला, आणि मग तुझ्याकडे बघितलं."

त्याने गळ्यातला टॉवेल ओढून काढला. मग म्हणाला, "का?"

हे त्याने मला विचारलं. मला!

"तिला विचार," मी म्हटलं. "व्हॅनमध्ये बसलीय, मागच्या सीटवर. जा."

तो गेला. मी खुर्ची काखेत धरून त्याच्या मागून चालत राहिले, थोडं अंतर ठेवून, त्याला वेळ मिळावा म्हणून. व्हॅनचं मागचं दार उघडंच होतं. आत लेनी खांद्यावर बर्फ धरून बसली होती आणि तो येताना बघून तिने शेजारच्या सीटवरची बॅग उचलून मांडीवर घेतली, त्याला बसायला जागा केली. हॉलिस त्या दारापाशी थांबला. मग त्याने ते दार ओढून बंद केलं, व्हॅनला वळसा घालून पुढे गेला आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला.